बुडापेस्टची गाडी

“नटीच तिकीट काढतेय, हे आमच्याकडे पहिल्यांदाच,” खिडकीतल्या नीत्सोल्डबाई म्हणाल्या. “आणि तेही दुपारच्या खेळाचं! संध्याकाळचा अमेरिकन सिनेमा बघ, रोज हाउसफुल्ल.”

“आमचा कधीपर्यंत आहे?” ग्रिटने विचारलं.

“आजचा दिवस. पोरी, आपले सिनेमे आता आपणही बघत नाही.”

आत ग्रिट, तिचे वडील एबरहार्ड आणि उबेसाठी येऊन झोपलेला एक म्हातारा, एवढेच प्रेक्षक होते. दोन्ही जर्मनी एक होऊन आठवडा झाला होता. सिनेमा मात्र गेल्या वर्षीच्या ऑगस्टमधला, जुन्या देशातला, पूर्व जर्मनीतला. शाळा संपवून घर सोडणाऱ्या मुलीची गोष्ट. ती मुलगी म्हणजे सोळा वर्षांची ग्रिट.

“बाबा, पार्सल परत पाठवलंत?” दिवे मंद होत असताना तिने विचारलं.

“सकाळीच.”

“उघडलं नाहीत ना?”

“नाही.”

आई पश्चिमेकडच्या कासेलहून कॉफी, चॉकलेटं पाठवायची. ग्रिट ती न उघडता परत करायला लावायची. चित्रीकरण चालू असताना एका संध्याकाळी ती घरी आली, तर आई नव्हती. सीमा सैल झालेल्या हंगेरीमार्गे पश्चिमेला पळून गेली होती, कोणाचाही निरोप न घेता. बाबा दिवसभर कारखान्यात होते. त्यांनाही काही ठाऊक नव्हतं.

पडद्यावर ड्रेस्डेनचं स्टेशन आलं. ग्रिट सरसावून बसली.

“चल, निघू या,” बाबा एकदम उठले. “बेकरी बंद होईल.”

“आत्ता? माझा मोठा सीन आहे. बसा ना.”

“चल म्हणतो ना.”

ती ऐकेना. पडद्यावर ती फलाटावर उभी होती, पाठीवर पिशवी, समोर तिचा मित्र. मागे खऱ्या प्रवाशांची गर्दी, खरी गाडी, डब्यावर ‘बुडापेस्ट’ अशी पाटी. त्या गर्दीतून एक माणूस खांद्यावर चौकड्यांची बॅग घेऊन आला. दुखऱ्या कोपरामुळे बाबा बॅग नेहमी खांद्यावरच घेत. आणि ती बॅग त्यांच्याच घरातली होती, कपाटावरची. आईबरोबर गेलेली.

त्याच्या शेजारी आई होती.

माणसाने बॅग दारातून आत ढकलली. आईने त्याला मिठी मारली. मग ती पायरीवर चढली आणि तिथेच थांबली, तोंड कॅमेऱ्याकडे करून.

ग्रिटला बाबांचा श्वास ऐकू येत होता. ते अजून उभेच होते.

“तुम्ही कारखान्यात होतात,” ती म्हणाली.

“हळू बोल.”

“कोणासाठी हळू? त्या आजोबांसाठी?”

ते बसले. “मला ठाऊक होतं असं कळलं असतं तर तुरुंगात गेलो असतो. तुलाही शाळेत उलटसुलट विचारलंच की पोलिसांनी. जे माहीत नाही, ते तोंडून निसटत नाही.”

“बरं. आणि नोव्हेंबरात? भिंत पडल्यावर कोण विचारणार होतं?”

बाबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पुन्हा उचलली.

“तेव्हा सांगितलं असतं, तर तू तिच्याकडे गेली असतीस.”

म्हातारा झोपेत खोकला.

“ती निरोप न घेता गेली, असं तुम्हीच मला सांगितलंत,” ग्रिट म्हणाली. “वर्षभर.”

“रात्रीची गाडी सोयीची होती. गर्दी कमी, तपासणी कमी,” बाबा पडद्याकडे बघत म्हणाले. “पण ती हीच धरायची म्हणून हटून बसली. तुझं शूटिंग या फलाटावर आहे, हे तिला ठाऊक होतं.”

पडद्यावर शिट्टी झाली. आईने हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. गाडी हलली.

पुढे, अर्धा पडदा व्यापून, सोळा वर्षांची ग्रिट मित्राशी बोलत हसत होती. मागे बघायचं नाही, दिग्दर्शकाने बजावलं होतं, काही झालं तरी मागे बघायचं नाही. तिने ते चोख पाळलं होतं.