टाकीचं पाणी

"हात मागे नेऊ नका," बायको म्हणाली. "दिसतंय मला."

त्याने हात खाली घेतला आणि खोलीभर पुन्हा येरझाऱ्या सुरू केल्या. काल त्याच्या पाठीवर डॉक्टरीणबाईंनी छोट्या चौकोनी पट्ट्या चिकटवल्या होत्या. त्या निघेपर्यंत खाजवणं बंद, आंघोळ बंद, घाम गाळणंही बंद.

"मग श्वास तेवढा कशाला चालू ठेवलाय?" तो कुरकुरला.

कारखान्यात तो नळाच्या तोट्यांना क्रोम चढवायचा. टाकीत हात घालून घालून बोटांना भेगा पडल्या होत्या, पेरांवर खड्डे झाले होते. लेक हल्ली त्याला गालाला हात लावू देत नसे. "बाबा, टोचतं," म्हणायची. भेगांपेक्षा ते त्याला जास्त झोंबायचं.

कारखान्याचं म्हणणं, हा सगळा घरच्या साबणाचा प्रताप. म्हणून ही तपासणी. एका पट्टीखाली टाकीचं पाणी होतं. तिथली कातडी लाल झाली, तर त्याला पॅकिंगला हलवणं कारखान्याला भाग होतं. नाही झाली, तर पुन्हा तीच टाकी, नाहीतर नोकरीवर पाणी सोडायचं.

टाकीतल्या द्रावणाला खात्यात सगळे पाणीच म्हणत. त्याची बाटली खुद्द सुपरवायझरने आणून दिली होती. एरवी टाकीजवळून नाक दाबून पळणारा माणूस, पण त्या दिवशी बाटली शर्टाच्या खिशात घालून दवाखान्यात हजर. झाकणाशी ओघळलेला थेंब त्याने अंगठ्यानेच पुसला होता. "तुझ्यासाठी एवढंही करायला नको का?" म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या निघाल्या. डॉक्टरीणबाईंनी प्रत्येक जागेवर पेनाने आकडा घातला. पाठ मात्र कोरीच होती.

"परवा पुन्हा बघू. कधीकधी उशिरा उठतं," त्या म्हणाल्या. "टाकीचं पाणी चार नंबरला आहे."

घरी येऊन तो भिंतीकडे तोंड करून बसला. "संपलं सगळं," म्हणाला.

बायकोने लेकीला शेजारी खेळायला पाठवलं, दाराला कडी घातली आणि स्वयंपाकघरातून भांडी घासायची घासणी आणली.

"शर्ट काढा."

"अगं, पण हे..."

"चार नंबर ना? ओरडू नका फक्त."

ठरल्या दिवशी दवाखान्यात त्याचे पाय एका जागी ठरेनात. कारखान्याच्या वतीने आलेला सुपरवायझर मात्र निवांत चहा पीत होता.

"काही निघायचं नाही बघ. उगाच जिवाला घोर लावून घेतलास."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. चार नंबरपाशी थांबल्या. मग त्यांनी बायकोकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. बायको खिडकीबाहेर बघत होती.

"लाल झालंय," त्या म्हणाल्या. "चांगलंच."

सुपरवायझर ताडकन उठला. चहा त्याच्या विजारीवर सांडला.

"शक्यच नाही! बाटलीत तर पाणी होतं!"

"हो, पाणीच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "टाकीचं."

"टाकीचं कसलं? नळाचं! मी स्वतः भरलं होतं!"