काठोकाठ

बायकोचे गुडघे दुखायचे, म्हणून मास्तर रोज संध्याकाळी तिच्यासाठी टबात कोमट पाणी भरून ठेवायचे. ती गेली, पण हाताची सवय काही गेली नाही. आजही त्यांनी टब काठोकाठ भरला, नळ घट्ट बंद केला आणि "कोणासाठी रे बाबा?" असं स्वतःशीच पुटपुटत बाहेर येऊन न्हाणीघराचं दार लोटून घेतलं.

तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"बाबा, जेवलात का? आज कोणाशी बोललात तरी का?"

"बोललो की, भिंतींशी. बिचाऱ्या मधे तोंड घालत नाहीत."

"अहो, पण ते पाणी कसलं सांडतंय मागे?"

आता त्यांनाही ऐकू आलं. "थांब हं," म्हणत त्यांनी फोन ठेवला आणि दार ढकललं.

नळ बंदच होता. फरशीभर पाणी झालं होतं. टब मात्र अजूनही काठोकाठ भरलेला.

उभा जन्म त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं होतं. भरल्या भांड्यात काही उतरलं की तेवढं पाणी बाहेर सांडतं, आणि उतरलेलं पुन्हा बाहेर निघालं की पाण्याची पातळी खाली जाते. पोरं जांभया द्यायची, पण पाणी कधी चुकलं नाही.

म्हणजे जे उतरलं होतं, ते अजून आतच होतं.

टबाचा पांढरा तळ स्वच्छ दिसत होता. मास्तर दारातच थबकले. तरी पाय मागे घ्यावासा वाटेना. कितीतरी महिन्यांत घरात कोणी आलं नव्हतं.

"गार तर नाही ना गं?" त्यांनी हळूच विचारलं.

टबातलं पाणी सावकाश वीतभर खाली गेलं.