समुद्राकडची जागा

"आणखी मागे," आरशात दिसेल अशा बेतानं हात हलवत लॉरेटा म्हणाली. "आता डावीकडे. अहो, डावीकडे!"

वेंडलनं मोटरहोम उजवीकडे घेतलं आणि मागचं चाक झुडपात घातलं.

शेजारच्या जागेवर खुर्ची टाकून बिअर पीत बसलेल्या माणसाची फुकटात करमणूक झाली. "बायकोचं ऐक रे बाबा!" तो ओरडला. "आमची निम्मी भांडणं गाडी मागे घेतानाच झालीत!"

लॉरेटा कसनुसं हसली. वेंडलला तेवढंही जमलं नाही. बऱ्याच खटपटीनंतर गाडी एकदाची जागेवर बसली. समोर कडा, कड्याखाली वाळू, वाळूवर लाटांनी आणून टाकलेले पांढरेफटक ओंडके, आणि पलीकडे धुक्यात अर्धा बुडालेला पॅसिफिक. उद्यानातल्या, गाडी लावून मुक्काम करायच्या या रांगेतल्या जागांसाठी लोक महिनोन् महिने आधी झटतात. ही नोव्हेंबरातच राखून ठेवलेली होती. पुढे जे झालं त्यानंतर खरं तर ती सोडूनच द्यायची. पण मे उजाडला तसा वेंडल म्हणाला, जाऊ या. आणि लॉरेटा हो म्हणून बसली.

बहिणीला समजावताना तिच्या नाकी नऊ आले होते. "त्या माणसाबरोबर?" बहीण फोनवर कडाडली होती. "आणि त्याच गाडीतून? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

डोकं ठिकाणावर होतं. नुसतं बधिर झालं होतं. दात काढायच्या आधी गालाला भूल देतात तसं. हात लावला तर गाल आपलाच, पण लागत काही नाही. फेब्रुवारीपासून ती अशीच होती. जेवत होती, झोपत होती, बिलिंग्जमधल्या दुकानात कामावर जात होती. रडू येत नव्हतं की संताप येत नव्हता, आणि त्याचं तिला काही वाटतही नव्हतं.

तिला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. एकतीस वर्षांचा संसार. त्यात खरं किती आणि खोटं किती? बिघाड शेवटच्या वर्षाचाच असेल, तर आधीची तीस वर्षं तिची होती. तेवढ्यावर पुढचं आयुष्य निघालं असतं. इथं येऊन ते कसं कळणार होतं, देव जाणे. पण घरी बसून तरी कुठे कळलं होतं?

ती आत गेली. तीन फडताळं उघडल्यावर कप सापडले.

"साखर किती?" वेंडलनं विचारलं. बिलिंग्ज सोडल्यापासून तो रोज सकाळ-संध्याकाळ विचारत होता.

"दोन चमचे," तीही रोज सांगत होती.

रात्री ती जेवणाच्या टेबलाचं बाकडं उलगडून झोपायची आणि वेंडल पुढच्या सीटवर मान वाकडी करून. मागची मोठी गादी रिकामीच राहायची. तिच्यावर कुणी साधी पिशवीसुद्धा ठेवली नव्हती.

कॉफी झाल्यावर दोघं वाळूत उतरली. मध्ये एखादा ट्रक जाईल एवढं अंतर ठेवून चालली.

"तुम्हाला कधी जाणवलं होतं?" लॉरेटानं शेवटी विचारलं. "म्हणजे, काही बिनसलंय असं?"

वेंडलनं बुटानं एक शिंपला उलटा केला. "नाही. घरात शांतता आहे म्हणजे सगळं ठीक, असं मी धरून चाललो."

"मीही."

"सुरुवात गेल्या वर्षीच झाली असणार," तो म्हणाला. "त्याआधी काही नव्हतं. असतं तर माणसाला कळतंच की."

"हो. गेल्याच वर्षी." इतक्या पटकन हो म्हटल्याचं तिचं तिलाच जाणवलं. "आणि इथून गेल्यावर?"

"गाडी विकून टाकतो. मग तुमचा रस्ता तुम्हाला, माझा मला."

तिनं मान हलवली. त्यात भांडण्यासारखं काही नव्हतं.

वर आल्यावर वेंडलनं डब्यातला राजमा गरम केला. दोघं बाहेरच्या टेबलाच्या दोन टोकांना बसून जेवली. चव कसली ती लागत नव्हती, पण वाडगा रिकामा झाला. दिवस मावळायच्या सुमाराला सरपणाची मोळी घेऊन एक लठ्ठ, हसतमुख बाई आली. गळ्यात शिट्टी, डोक्यावर मळकी टोपी. तिचं नाव पेग. गाड्यांच्या या तळाची देखरेख तिच्याकडे होती.

"खायचं काही बाहेर ठेवू नका, रॅकून येतात," ती म्हणाली. मग गाडीच्या दाराकडे बघून थबकली. "अगं बाई! दारावर मासा रंगवलेली ही गाडी मी हजारांत ओळखीन. क्लाइड आणि मर्नाची ना? तुम्ही विकत घेतलीत होय?"

पेग उत्तरासाठी थांबलीच नाही.

"दर मे महिन्यात याच जागेवर! मी इथं लागले तेव्हापासून बघतेय. नऊ वर्षं झाली."

"नऊ?" लॉरेटानं विचारलं.

"नऊ. त्या खालच्या ओंडक्यावर हातात हात घालून बसलेली असायची. तुमच्यासारखी दोन टोकांना नव्हे हं!" पेग आपल्याच विनोदावर खळखळून हसली. "आणि सकाळी पॅनकेक तो करायचा. तिला बिछान्यात नेऊन द्यायचा. असं जोडपं मी दुसरं पाहिलं नाही. बरी आहेत ना दोघं? गाडी का विकली?"

"विकली नाही," वेंडल म्हणाला. "फेब्रुवारीत ती दोघं अपघातात गेली. एकाच मोटारीत होती. ही गाडी नंतर मर्नाच्या नावावर निघाली. मर्ना माझी बायको."

पेगचं हसू जागच्या जागी राहिलं. तिनं लॉरेटाकडे पाहिलं.

"आणि क्लाइड माझा नवरा," लॉरेटा म्हणाली.