विजेचे ब्रेक

"कुणाला खरं वाटणार नाही, धनाजीशेठ," जुन्या ट्रेलरला बसवलेले विजेचे ब्रेक दाखवत महाप्याचे वायरमन हौसेराव म्हणाले. "रविवारी माझ्या जीपला जोडून हा उताराला सोडला. जीपच्या बॅटरीवर ब्रेक असे लागले, की मागचा एसटीवाला उतरून माझ्या पाया पडला."

धनाजीच्या जिवात जीव आला. उद्या सासऱ्यांची नवी होडी त्याच उतारावरून न्यायची होती. "मग काय टेन्शन नाय," तो म्हणाला.

चहा घेऊन आलेल्या हौसेरावांच्या बायकोनं, राहीबाईंनी, नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो, रविवारी लाइट नव्हती म्हणून जीपची बॅटरी टीव्हीला लावून तुम्ही दिवसभर मॅच बघत होतात. एसटीवाला काय आपल्या हॉलमध्ये येऊन पाया पडला?"