इंदुताईचं कोडं

"चंदाले शिकवशीन का नाई, येवढंच सांग," नाटक कंपनीचे मालक वामनराव दाराबाहेरून ओरडले. "बाकी रडगाणं मले नको."

कडी निघाली. पहिल्या अंकाचा चेहरा रंगवून इंदुताई तयार होती. गव्हाळ, नितळ, बघत राहावा असा. कंपनीतले बाकीचे नट रंगवाल्या लहानूपुढे ओळीनं बसत आणि तो भराभरा हात फिरवून एकेकाला मोकळं करी. इंदुताईला मात्र अख्खी दुपार लागायची, तीही बंद खोलीत, आपल्याच आरशापुढं. आता नटी म्हटली की एवढा नखरा चालायचाच.

आणि कंपनी तो मुकाट्यानं झेलायची, कारण नाटक तिच्याच जिवावर उभं होतं. दिवाळीनंतर मंडईचे, गावोगावच्या जत्रांचे दिवस लागले की गोंडपिपरीपासून थेट वैनगंगेच्या पलीकडपर्यंत गावं तेच नाटक मागत. ती त्यात रूपाची घमेंड असलेली सून. दुसऱ्या अंकात तिनं छळलेली आंधळी सासू तिला शाप देते. सून पाठ फिरवते, पेटीवाला एकच सूर धरून ठेवतो, ती वळते, आणि बघावं तर गालांवर, ओठांवर, गळ्यावर पांढरंफटक कोड! बाया किंचाळायच्या. गडी शिट्ट्या मारायचे.

एवढ्याशा वेळात ती एवढे डाग रंगवते तरी कशी? कुणी म्हणे मुठीत भुकटी असते, कुणी म्हणे रुईचा चीक लावते. लहानूला विचारलं की तो चिडायचा.

"मायाजवळून थे बाई गव्हाळ रंग नेते. पांढरा कधी मांगतला नाई. चीकच असन, दुसरं काय!"

प्रयोग संपला की डागाळलेलं तोंड पदरात घेऊन ती कुणाशी न बोलता तडक खोलीवर जाई.

"मले सासूचं काम द्या भाऊ," ती आता म्हणाली. "हे काम मायानं नाई होत."

"काऊन नाई होत?"

"तिकडं जिवतीच्या गावात पुढं एक पोरगी बसली होती. खऱ्या कोडाची. शाप झाला अन् लोकं मायाकडं पाहाचे सोडून तिच्याकडंच वळले. 'हिनं कोणाले छळलं गा?' म्हणून एक जण ओरडला. समदा मांडव हासला. पोरगी उठून गेली."

"अवो, नाटक हाये थे! सिनेमात काय येगळं हाये? तोंडावर डाग दिसला की हाच बदमाश, पब्लिकले सांगाच लागत नाई. ऊर्जानगरात घरोघरी व्हिडिओ येऊन राह्यले. आपण शाप काढून टाकला तर आपल्या मांडवात कोण बसन, कुत्रं?"

इंदुताई दुसऱ्या कंपनीत गेली असती तर तिथंही लोकांनी तिला हाच शाप मागितला असता. या मुलखात तिला दुसरं कामच उरलं नव्हतं, आणि याचा तिला मनापासून वीट आला होता.

"सरळ हिशोब," वामनराव म्हणाले. "चंदाले युक्ती दे अन् मोकळी हो. नाईतर म्हातारी होईपर्यंत तूच भोग."

चंदा मागंच उभी होती. कंपनीत नवी, दिसायला गोड, आणि मोठ्या कामासाठी नुसती उतावीळ. दिवाळीपासून तिनं इंदुताईचं डोकं खाल्लं होतं. "बाई, दाखवा ना, बाई, कोणाले सांगणार नाई." इंदुताई दर वेळी हसून टाळायची.

आज ती हसली नाही. चंदाकडे तिनं बराच वेळ पाहिलं.

"ये," ती म्हणाली, आणि कडी लागली.

बाहेर वामनराव आणि लहानू कान लावून बसले. बोलणं ऐकू येईना. मग चंदा एकदम "अवो माय!" म्हणाली, आणि त्यानंतर आतून रडण्याचा आवाज आला. कोण रडतंय ते कळत नव्हतं.

चंदा बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. तिनं दार आपल्या हातानं नीट ओढून घेतलं आणि पाठ टेकून उभी राहिली.

"शिकली?"

"मले नाई जमत भाऊ."

"जमत नाई म्हणजे? बोंबलत तर तूच होती!"

चंदानं एकदा दाराकडे पाहिलं. "चीकच हाये भाऊ. लय आग होते. बाईच करू जाणे. मी नाई आपलं तोंड जाळून घेत. अन् बाईले हे पुन्हा कोणी इचारू नका."

"हात् तिच्या!" लहानूनं मांडीवर थाप मारली. "मी म्हणत होतो का नाई?"

वामनरावांनी कपाळाला हात लावला. "मंग इंदुबाई, तूच आता."

"हो भाऊ," आतून आवाज आला. "मीच."

त्या दिवशी पडदा उशिरा उघडला. इंदुताईला चेहरा रंगवायला पुन्हा तेवढाच वेळ लागला, आणि मांडवातले लोक बोंबा मारून मारून दमले. पण पहिल्या अंकात ती आली तशी सगळे गार झाले. काय ते रूप!

दुसऱ्या अंकात सासूनं हात वर करून शाप दिला. पेटीवाल्यानं सूर धरला. पडद्याआड उभ्या चंदानं मान खाली घातली. इंदुताईनं लोकांकडे पाठ फिरवली, निऱ्यांत खोचलेला खोबरेल तेलाचा फडका काढला, आणि गालांवरचा, ओठांवरचा, गळ्यावरचा गव्हाळ रंग पुसून टाकला.