सायलेन्सरची फुंकर

आमची जुनी जीप घोड नदीच्या पुलाचा चढ चढेना. सायलेन्सर सोडवल्यावर इंजिन मोकळं पळालं.

"म्हंजी हाच चोक झालाय," मी नातीला, निखतला, समजावलं. "आता तपासू."

अंगणात पोत्यावर सायलेन्सर ठेवला. एका तोंडाशी तिनं तळहात धरला, दुसऱ्या तोंडातून मी फुंकलं.

"वारं लागतंय का?"

"न्हाई. जोर लावा की, नाना!"

मी हसलो आणि पुन्हा फुंकलं.

"आता लागतंय!"

मी दम खायला थांबलो.

"अजून लागतंय, नाना. गरम हाय."

"मी फुंकत न्हाई, पोरी."

ती हळूच म्हणाली, "आता आत ओढतंय."

मी माझ्याकडचं तोंड तळव्यानं घट्ट बंद केलं.

"हात काढ."

तिनं हात काढला, पण तिच्या ओढणीचं टोक नळीत शिरलं आणि घास गिळावा तसं आत जाऊ लागलं. ओढणी तिच्या गळ्याशी ताठ झाली. मी धावत जाऊन ती दोन्ही हातांनी धरली आणि मागं खेचली.

निखतनं ओठ घट्ट मिटले होते. तरीही सायलेन्सरच्या मी सोडून आलेल्या त्या तोंडातून तिचाच आवाज आला.

"जोर लावा की, नाना!"