गळलेलं अक्षर

वारुणीने तपासणी पुन्हा चालवली. उत्तर पुन्हा बदललेलंच आलं. आधी 'दोष नाही', आता 'दोष आहे'.

चूक तिचीच होती. रक्तातून वाचलेल्या जनुकांच्या लांबलचक अक्षरमाळेतून हवा तो तुकडा काढायचा, तर तो कुठे सुरू होतो नि कुठे संपतो हे आकड्यांत सांगावं लागतं. काही याद्या पहिल्या अक्षराला शून्य म्हणतात, काही एक. वारुणीच्या प्रोग्रॅममध्ये दोन्हींची सरमिसळ झाली होती आणि प्रत्येक तुकड्याचं पहिलं अक्षर गळत होतं. बहुतेकांचं त्याने काही बिघडलं नाही. जुने सगळे नमुने नव्याने तपासल्यावर एकच माणूस असा निघाला, की ज्याचा थॅलेसेमियाचा दोष नेमका त्या गळलेल्या अक्षरात बसला होता. बायकोत तो दोष होताच. नवरा निर्दोष आहे, खुशाल मूल होऊ द्या, असं त्यांना सांगितलं गेलं होतं. झालेली मुलगी आता दर महिन्याला रक्त चढवून घेत होती. मुलीचा आजार कळल्यावर बापाला पुन्हा तपासणीला बोलावलं होतं, पण तो आलाच नव्हता.

"प्रोग्रॅम दुरुस्त केलास ना?" प्रयोगशाळेचे प्रमुख आचान प्रसोप म्हणाले. "मग झालं. गाडलेलं मढं कशाला उकरतेस? तुझीही नोकरी जाईल, माझीही."

वारुणी मान डोलावून बाहेर आली. तिसऱ्या दिवशी रजा टाकून ती चियांग माईहून लांपूनकडे निघाली.

लाँगानच्या फळबागेमागे त्या मुलीच्या आईचं, बुआखमचं माहेर होतं. ती ओसरीवर शेंगा सोलत बसली होती. शेजारी मुलगी, पिवळट चेहऱ्याची, पोट फुगलेली. इस्पितळातून कुणी आलंय म्हटल्यावर बुआखमने हात पुसले, चटई टाकली, पाणी दिलं. वयाने मोठी म्हणून ती वारुणीला 'पी', म्हणजे ताई, म्हणाली. त्या मायेने वारुणीला आणखीच मेल्यासारखं झालं.

"तुमचे यजमान? दोघांना एकदमच सांगितलं असतं."

"ते इथे नसतात. मला सांगा."

वारुणीने सांगितलं. काही लपवलं नाही. तपासणी चुकली, ती यंत्रामुळे नाही, माझ्यामुळे चुकली, असं म्हणून ती हात जोडून खाली वाकली. आता शिव्या येतील, रडणं येईल, याची तिने मनाची तयारी केली होती.

बुआखम रडली नाही. तिने मुलीला जवळ ओढलं.

"म्हणजे त्यांच्याही रक्तात होतं?"

"होतं."

"नक्की?"

"तीनतीनदा बघितलंय. हा आजार आई नि बाप, दोघांकडून आल्याशिवाय होतच नाही."

"हो. तेवढं मला ठाऊक आहे," बुआखम म्हणाली. "त्यांच्या आईलाही ठाऊक आहे. डॉक्टरनेच सांगितलं होतं."

ती उठली. मुलीला कडेवर घेतलं, पायांत चपला सरकवल्या.

"चला पी."

"कुठे?" वारुणीने विचारलं. चौकीवर नेत असेल, तर तेही रास्तच होतं.

"बाजारात. माझी सासू तिथे भाजी विकते. आत्ता मला जे सांगितलंत, ते तिथे मोठ्याने सांगा, शेजारच्या गाळ्यांनाही ऐकू जाईल असं."

"सांगते. पण त्यांची माफी मागायची, तर घरी जाऊन..."

"माफी नको," बुआखम म्हणाली. "तुमचा कागद म्हणाला नवऱ्यात दोष नाही. ही जन्मल्यापासून सगळं गाव मला विचारतंय, मग पोर कुणाची?"